‘लेडीज ऑफ द ज्युरी’ला (१९३२) मराठी सबटायटल्स : कामाच्या नोंदी

चित्रपट आरकेओ रेडिओ पिक्चर्सचा, दिग्दर्शक लोवेल शर्मन, मुख्य भूमिकेत एड्ना मे ऑलिव्हर. मूळ १९२९ सालचं फ्रेड बॅलर्डचं नाटक. काम असं: इंग्रजी संवाद उतरवायचे, मराठी सबटायटल्स करायची, ती चित्रात पक्की बसवायची आणि ६० खुर्च्यांच्या हॉलमध्ये एक खेळ लावायचा. माणसं दोन, वेळ संध्याकाळचा.

गोष्ट थोडक्यात: श्रीमंत नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली तरुण बायको, इव्हेट गॉर्डन (जिल एझमंड). ज्युरीत मिसेस लिव्हिंग्स्टन बाल्डविन क्रेन नावाच्या बड्या घरच्या बाई. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, या एकट्या ‘नाही’. ते अकरा एकेक करून कसे फुटतात, हा पुढचा सिनेमा. म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्यात मतांचा आकडा सतत चालू राहिला पाहिजे. तो निसटला की विनोदही निसटतो. खाली जे काही फसलं त्यातलं निम्मं या आकड्यापायी फसलं.

९ जून

दोन प्रती हाताशी. एक टीव्हीवरून उतरवलेली, सेकंदाला २५ फ्रेमची. दुसरी २३.९७६ ची, चित्र स्वच्छ, आवाज जरा खोल गेलेला. पहिलीवर ८० ओळींच्या वेळा लावून झाल्या आणि मग ठरलं की खेळ दुसरीचा करायचा. फाइल दुसरीला जोडली तर पहिली ओळ बरोबर, पण दहाव्या मिनिटाला ओळ जवळजवळ २५ सेकंद आधी येतेय.

नुसता ऑफसेट असेल असं समजून सगळ्या ओळी १२ सेकंद पुढे ढकलल्या. मधला थोडा भाग जुळला, दोन्ही टोकं बिघडली. हे लक्षण ध्यानात ठेवावं: चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल तर ऑफसेट, वाढत जात असेल तर फ्रेमरेट. गुणक २५ भागिले २३.९७६, म्हणजे १.०४२७. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे, दोन आकडे दिले की झालं. मात्र आधी फ्रेमरेट, मग ऑफसेट. उलट केलं तर ऑफसेटही त्याच गुणकाने ताणला जातो.

आरकेओच्या जुन्या चित्रपटांत आणखी एक गोम आहे. १९५० च्या दशकात हा संग्रह टीव्हीसाठी विकला गेला, तेव्हा पुष्कळ प्रतींवरचं मनोऱ्याचं बोधचिन्ह काढून तिथे सी अँड सी मूव्हीटाइमची पाटी लावली गेली. त्यामुळे दोन प्रतींची सुरुवात जुळेलच असं नाही. ऑफसेट मोजताना बोधचिन्ह धरू नये, पहिला बोललेला शब्द धरावा.

वाया गेलेला वेळ: तीन तास. प्रत आधी ठरवली असती तर शून्य.

११ जून

संवाद उतरवणं. आरकेओचे चित्रपट आरसीए फोटोफोन पद्धतीने ध्वनिमुद्रित होत, आणि १९३२ च्या ध्वनिपट्टीत वरच्या टोकाला कामाचं काही नसतं, असते ती खरखर. ऐकण्यापुरती वेगळी ऑडिओ फाइल काढली: ८० हर्ट्झच्या खालचं आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं, आवाज वाढवला. ही फाइल फक्त कानासाठी. खेळाच्या प्रतीला तेच फिल्टर लावले तर सगळे डब्यात बसून बोलल्यासारखे वाटतात. करून पाहिलं, काढून टाकलं.

पहिला खर्डा ‘व्हिस्पर’ या ऐकून मजकूर लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरकडून करून घेतला. कोर्टातला भाग बरा आला, कारण तिथे एका वेळी एकच जण बोलतो. ज्युरीच्या खोलीतला मात्र पार कोलमडला. दोन माणसं एकदम बोलली की दोघांचे तुकडे मिळून तिसरंच वाक्य तयार होतं. शांत जागी नसलेली वाक्यं उगवतात, किंवा एकच ओळ पाच-सहा वेळा छापली जाते. ही चूक नजरेने सापडते. धोका सराईत दिसणाऱ्या चुकीचा: ‘नॉट’ गळून नुसतं ‘गिल्टी’ उरलेल्या दोन जागा निघाल्या. व्याकरण ठीक, वाक्य ठीक, मत उलटं. म्हणून ‘गिल्टी’ शब्द असलेली प्रत्येक ओळ वेगळी काढून पुन्हा कानाने तपासली. या चित्रपटासाठी एवढी एक तपासणी सोडू नये.

१४ जून

घोटाळा. मदतीला म्हणून कोणीतरी उतरवलेले इंग्रजी संवाद मिळाले होते. पहिली काही पानं बऱ्यापैकी जुळत होती, पुढे नावंच जुळेनात. मिसेस क्रेनचा पत्ता नाही. शेवटी कळलं की ते १९३७ च्या ‘वुइ आर ऑन द ज्युरी’चे आहेत. त्याच नाटकावर आरकेओनेच पुन्हा काढलेला चित्रपट, हेलन ब्रॉडरिक आणि व्हिक्टर मूरचा. प्रसंग तेच, संवाद दुसरे. दोन तास पाण्यात. पात्रांची नावं आधी पडताळायला दोन मिनिटं लागली असती.

१७ जून

शब्दांची यादी पक्की केली. अनुवाद सुरू करण्याआधी ही यादी झाली नाही तर एकच माणूस तीन नावांनी फिरतो.

ज्युरी: ‘ज्युरी’च. ‘पंच’ लिहायचा मोह झाला. पण मराठी वाचकाचा पंच पंचनाम्यावर सही करतो किंवा क्रिकेटच्या मैदानात उभा असतो. निकाल देणारा पंच गावकीत उरला. शिवाय ‘ज्युरी’ हा शब्द आपल्याकडे नवा नाही. १९०८ च्या टिळक खटल्यातही ज्युरी होती.

फोरमन: आपला फोरमन कारखान्यात असतो. ‘सरपंच’ने विनोद झाला असता, पण चुकीच्या जागी. ‘ज्युरीप्रमुख’ ठेवलं.

बेलिफ: इथे फसायला होतं, कारण शब्द मराठीत आहे. पण आपला बेलिफ समन्स बजावतो, जप्ती आणतो. चित्रपटातला बेलिफ कोर्टात शांतता राखतो आणि ज्युरीवर पहारा देतो. ‘कोर्टाचा शिपाई’.

उलटतपासणी, सरतपासणी, सरकारी वकील: जसेच्या तसे. हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात आहेत, कोणी अडत नाही.

पिंजरा: हा काढून टाकला. ‘साक्षीदाराच्या पिंजऱ्यात या’ असं हाताने आपोआप लिहिलं जातं, आणि पडद्यावर साक्षीदार खुर्चीवर बसलेला. आरोपीही वकिलाशेजारी बसते. ‘साक्षीला या’ एवढं पुरतं.

ऑब्जेक्शन: ‘हरकत आहे!’ उत्तरादाखल ‘मान्य’ किंवा ‘फेटाळली’. एका ओळीत घाईने ‘हरकत नाही’ लिहिलं गेलं होतं. ते वाचून न्यायाधीश ‘चालू द्या, आपली काही तक्रार नाही’ म्हणतायत असंच वाटतं. अर्थ योगायोगाने जवळचाच लागतो, पण कोर्टाचा पानाचा ठेला होतो.

खून: ‘खून’च. कलमाचा आकडा घालू नये. ‘तीनशे दोन’ (जुन्या दंडसंहितेतलं खुनाचं कलम) म्हटलं की आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं, पण खटला अमेरिकेत चालू आहे.

नाव: ‘ज्युरीतल्या बायका’. ‘स्त्रिया’ म्हटलं की परिसंवाद वाटतो, ‘बाया’ म्हटलं की हेटाळणी. त्या काळी अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत बायकांना ज्युरीत बसताच येत नव्हतं, तेव्हा नावातच थोडा खोडसाळपणा आहे. ‘बायका’ने तो निभतो.

२१ जून

‘नॉट गिल्टी’ या दोन शब्दांवर एक अख्खी संध्याकाळ.

पहिल्या खर्ड्यात ‘निर्दोष’ होतं. पाच मीटरवरून वाचून पाहिलं तर ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांत डोळ्याला आधी ‘दोष’ दिसतो. मतं भराभर येतात तिथे उलटं वाचलं जातं. अर्थाचंही आहे: ज्युरी बाईला निरपराध ठरवत नाही, गुन्हा शाबीत झाला नाही एवढंच म्हणते. म्हणून ‘दोषी नाही’.

आता दुसरी अडचण. इंग्रजीत नकार आधी येतो, ‘नॉट’ कानावर पडताच टाळकी फिरतात. मराठीत नकार शेवटी. बोलताना ते उलट जास्त रंगलं असतं, ‘दोषी…’ म्हणून थांबायचं आणि मग ‘नाही’. पण सबटायटल अख्खं एकदम उमटतं. ओळ जरा जरी आधी आली तरी प्रेक्षक नटाच्या आधी हसून मोकळा होतो. एरवी ओळ १०० ते २०० मिलिसेकंद आधी आणायची सवय असते, ती वाचायला बरी पडते. मताच्या ओळींना ती सूट काढून टाकली. नटाने तोंड उघडल्यावरच ओळ.

‘दोषी’ वर आणि ‘नाही’ खालच्या ओळीत असं तोडू नये. सबटायटल एडिटचा आपोआप ओळ तोडण्याचा पर्याय लांब वाक्यात नेमकं तेच करतो, नकार खाली ढकलतो. अशा १४ जागा हाताने सुधारल्या.

तिसरी गोष्ट आधी सुचलीच नाही, तपासणीत दिसली. लागोपाठ दोन जण ‘दोषी’ म्हणाले आणि दोन ओळींमध्ये नेहमीची दोन फ्रेमची फट ठेवली, तर बघणाऱ्याला एकच ओळ लांबलेली वाटते. एक मत गायब! दोन फ्रेम म्हणजे ८३ मिलिसेकंद, डोळा ते गिळून टाकतो. सारखाच मजकूर लागोपाठ असेल तर सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद फट ठेवावी. ओळ लुकलुकते, मोजणी जुळते.

२४ जून

पहिला अर्धा भाग चौघांना दाखवला. विनोद पोचतायत. मध्यंतरात पहिला प्रश्न: ‘अकरा विरुद्ध एक झालं ना, मग निकाल लागला की. हे सगळे अजून बसलेत कशाला?’

प्रश्न रास्त आहे. मराठी माणसाच्या आठवणीतल्या दोन ज्युऱ्या बहुमताच्या आहेत. टिळकांना १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. नानावटी खटल्यात १९५९ मध्ये आठ विरुद्ध एक मताने ‘दोषी नाही’ असा कौल आला, तो सत्र न्यायाधीशांनी मानला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. दोन्हीकडे ज्युरी नऊ जणांची. चित्रपटात बारा जण आहेत आणि बाराही एका मताचे व्हावे लागतात. एक जरी अडून बसला तरी सुटका नाही. अख्खं कथानक या नियमावर उभं आहे, आणि अमेरिकन प्रेक्षकाला तो ठाऊकच असल्याने चित्रपटाला तो सांगत बसायची गरज पडलेली नाही.

पहिला उपाय: मतदानाच्या प्रसंगात वरच्या बाजूला एक टीप टाकली, ‘निकाल एकमतानेच देता येतो’. वाईट दिसलं. टीप वाचताना खालची ओळ सुटते, आणि नेमकी तीच हवी असते.

दुसरा उपाय ठेवला: चित्रपटाआधी एक पाटी, १२ सेकंद, तीन ओळी. ‘ज्युरी बारा जणांची. निकालासाठी बाराही जणांचं एकमत हवं. निकाल लागेपर्यंत कोणालाही घरी जाता येत नाही.’ नानावटीचं नाव पाटीत घातलं होतं, काढलं. लोक चित्रपटाऐवजी त्याच गप्पा मारायला लागतात.

शिवाय अनुवादात ‘बहुमत’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. दोन ठिकाणी सहज लिहिला गेला होता.

२८ जून

वाचण्याचा वेग. इंग्रजीसाठी सेकंदाला १७ कॅरेक्टर हा आकडा सगळीकडे सापडतो. तो मराठीला लावला तर निम्मी फाइल लाल होते (वाचायला वेळ कमी पडेल अशा ओळी सॉफ्टवेअर लाल दाखवतं). कारण सॉफ्टवेअर अक्षरं मोजत नाही, संकेतांक मोजतं. ‘ज्युरी’ आपल्या डोळ्याला दोन अक्षरं; सॉफ्टवेअरला सहा (ज, हलन्त, य, उकार, र, वेलांटी). ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ ही सात अक्षरं मोकळ्या जागेसकट १८ होतात. जोडाक्षरं जास्त तेवढा आकडा खोटा, आणि कोर्टाची भाषा म्हणजे जोडाक्षरांचं आगर.

लाल रंगाला घाबरून पहिल्या दिवशी ओळी इतक्या छाटल्या की मिसेस क्रेन तारेच्या भाषेत बोलायला लागल्या. सगळ्या परत लिहिल्या. चार तास गेले.

शेवटी स्वतःचा नियम केला: सेकंदाला नऊ ते दहा अक्षरं (जोडाक्षर म्हणजे एक), किमान वेळ एक सेकंद, कमाल सहा, एका ओळीत मोकळ्या जागा धरून २४ अक्षरं, ओळी दोनच. सॉफ्टवेअरमधली वेगाची मर्यादा सेकंदाला २४ कॅरेक्टरवर नेऊन ठेवली, म्हणजे खरोखर दाटलेल्या ओळीच लाल होतात.

२ जुलै

ज्युरीची खोली. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचा भाग. बारा माणसं एका खोलीत कोंडलेली, कोणी कोणाला बोलू देत नाही. दोन बोलणारे एका सबटायटलमध्ये बसतात, प्रत्येकाच्या ओळीआधी आडवी रेघ. तिसरा बसत नाही. मग कोणाला गाळायचं?

सुरुवातीला ज्याचा आवाज मोठा त्याची ओळ घेतली. परिणाम: भांडण कळतं, भांडण कशावरून ते कळत नाही. मग नियम बदलला. ज्या ओळीने कोणाचं मत हलतं ती राहणार. ज्या ओळीवर पुढे कोणी उत्तर देणार आहे ती राहणार. बाकीचा गलका कानाला ऐकू येतोच, तो लिहायचं कारण नाही. या नियमाने जवळपास ४० ओळी उडाल्या आणि प्रसंग हलका झाला. अनुवाद करणाऱ्याला प्रत्येक ओळ म्हणजे पोटचं पोर, म्हणून छाटणी दुसऱ्या माणसाने करावी.

बोलणारा कॅमेऱ्याकडे पाठ करून असेल तर मराठीचा एक फायदा मिळतो: क्रियापदावरून बाई की पुरुष हे कळतं. ‘मी सांगते’, ‘मी थकलो’. जिथे इंग्रजीत नाव घालावं लागलं असतं तिथे एका मात्रेत काम होतं. पण याचाच तोटाही आहे. आवाज कोणाचा हे चुकलं तर चूक चारचौघांत दिसते. तीन ओळींत बाईच्या तोंडी ‘मी म्हणालो’ राहिलं होतं, कारण संवाद उतरवताना नुसतं ऐकलं होतं, चित्र पाहिलं नव्हतं. लिंग ठरवताना आवाज बंद करून फक्त चित्र बघत एक फेरी मारावी.

५ जुलै

तू, तुम्ही, आपण. इंग्रजी यात काही मदत करत नाही.

न्यायाधीशांना वकील ‘न्यायाधीश महाराज’ म्हणतात. मिसेस क्रेन मात्र ज्युरीत बसून थेट साक्षीदारांनाच प्रश्न विचारायला लागतात, आणि न्यायाधीश त्यांच्या ओळखीतले. त्यांनी ‘महाराज’ म्हटलं तर गंमत संपते, ‘तू’ म्हटलं तर उद्धटपणा. ‘अहो, पण मी काय म्हणते…’ या सुराने प्रश्न सुटला. एका ‘अहो’त बाईंचं घराणं, न्यायाधीशांशी असलेली ओळख आणि कोर्टाची पर्वा नसणं, तिन्ही येतं. मात्र हा ‘अहो’ मोजून पाच वेळा वापरला. खर्ड्यात एकोणीस होते, तेव्हा त्या न्यायाधीशांच्या सौभाग्यवती वाटायला लागल्या होत्या.

ज्युरीतले लोक पहिल्या दिवशी एकमेकांना ‘तुम्ही’. दिवस जातात तशी भीड मोडते, म्हणून पहिल्यांदा डोकं तापतं तिथे दोघांना ‘तू’वर आणलं. मिसेस क्रेनना सगळे शेवटपर्यंत ‘तुम्ही’ किंवा ‘बाई’. त्या कोणालाही ‘तू’ म्हणत नाहीत, फक्त आपल्या मोलकरणीला.

८ जुलै

‘पिंजऱ्यात’ काढला तरी ‘ऱ्य’ने पिच्छा सोडला नाही. अदृश्य अक्षरं साफ करायला एक छोटी स्क्रिप्ट चालवली, कारण कॉपी-पेस्ट करताना फाइलमध्ये बराच कचरा आला होता. तिने शून्य रुंदीचा जोडकही उडवला. एकाच्या कीबोर्डवरून ‘ऱ्य’ हा र, हलन्त, जोडक, य असा टंकला जात होता. जोडक गेला आणि ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झाला, रफार डोक्यावर. अशा ६१ जागा.

उपाय: नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरावा, मग हलन्त, मग य. जोडकाची गरजच उरत नाही. शोधताना ‘र्य’ शोधून सरसकट बदलू नये, नाहीतर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बिघडतात. एकेक पाहून बदललं, ४० मिनिटं. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी.

१० जुलै

सबटायटल्स चित्रात बसवणं. सबटायटल्सची स्वतंत्र एसआरटी फाइल देऊन भागलं असतं, पण हॉलच्या लॅपटॉपवरच्या जुन्या प्लेअरमध्ये वेलांट्या अक्षरापासून सुटून उजवीकडे पडत होत्या. दुसऱ्याच्या यंत्रावर भरवसा नको.

एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅमने पहिल्यांदा बसवलं तर तेच दुखणं: ‘नि’ची वेलांटी ‘न’च्या नंतर, हलन्त उघडे. कारण सबटायटल्स बसवणाऱ्या एएसएस फिल्टरचा शेपिंगचा (अक्षरं जोडण्याचा) पर्याय ‘सिंपल’ राहिला होता. देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लागतो, आणि सबटायटल्स रंगवणारं लिबॅस हे अक्षरं जोडणाऱ्या हार्फबझसकट बांधलेलं असावं लागतं.

फॉन्ट ‘मुक्ता’, मुंबईच्या एक टाइपचा, मोफत आणि खुल्या परवान्याचा. यात वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला धडकत नाही. मात्र लिबॅस आकार मोजताना फॉन्टची पूर्ण उंची धरतं, म्हणून त्याच आकड्याला मुक्ता इतर फॉन्टपेक्षा लहान दिसतो. एसआरटीवरून थेट बसवताना उंची २८८ धरली जाते, म्हणजे २० दिलं की १०८० च्या चित्रात ७५. आम्ही २४ वर थांबलो. फॉन्टचं नाव चुकलं तर एफएफएमपेग तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा फॉन्ट घेतं. कोणता घेतला ते लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं, ती ओळ वाचावी.

रंग: पांढरा घेतला तर वकिलांच्या कॉलरांवर आणि कागदांवर विरघळतो. फिकट पिवळा हवा होता, उमटला आकाशी. एएसएसमध्ये रंगाचा क्रम लाल-हिरवा-निळा नसून निळा-हिरवा-लाल असतो. काळी कड २.५, सावली नाही.

चित्राची रुंदी १.३७ ला १, म्हणजे १०८० उंचीला १४८० पिक्सेल. दोन्ही बाजूंना २२० च्या काळ्या पट्ट्या. आधी पट्ट्या जोडायच्या, मग सबटायटल्स, पण डावीउजवीकडे २४० चा समास देऊन. समास विसरलं तर लांब ओळ पट्ट्यांवर पसरते आणि नजर टेनिस पाहिल्यासारखी फिरते.

शेवटचा व्हिडिओ बनवण्याची मांडणी: एक्स२६४, सीआरएफ १८, ‘ग्रेन’ ट्यून. लॅपटॉपला पावणेदोन तास. तीनदा करावं लागलं. दुसऱ्यांदापासून शहाणपण म्हणून आधी दोन मिनिटांचा तुकडा काढून पाहिला.

१३ जुलै

हॉलमध्ये चाचणी, भाडं ८०० रुपये, एक तास. घरच्या स्क्रीनवर न दिसलेल्या दोन गोष्टी इथे लगेच दिसल्या.

‘११ विरुद्ध १’ शेवटच्या रांगेतून ‘९९ विरुद्ध ९’ दिसतं. देवनागरी एक आणि नऊ लांबून जुळे भाऊ. चित्रपटभर मतांचे आकडे अक्षरी केले: ‘अकरा विरुद्ध एक’. जागा जास्त खातं, पण चुकत नाही.

दुसरं, हॉलला उतार नाही. खालची ओळ पुढच्या माणसाच्या डोक्याआड जाते. खालचा समास ५० वरून ११० केला. चेहरे थोडे झाकले जातात, एड्ना मे ऑलिव्हरच्या भुवया वाचल्या की पुरे.

हक्कांचा मुद्दा इथेच लिहून ठेवतो, कारण विचारणा होते. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं. नाटकाचा हिशोब वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तो स्वतंत्र तपासावा. अमेरिकेत १९३२ च्या चित्रपटांची ९५ वर्षांची मुदत २०२७ अखेर संपते. म्हणून ही प्रत इंटरनेटवर चढवलेली नाही.

२० जुलै

खेळ झाला. खर्च: हॉलचे ८०० अधिक २,५००, पेन ड्राइव्ह ६५०, पाटीसाठी काही नाही. वेळ: उतरवणं ११ तास, अनुवाद १९, वेळा लावणं ९, दुरुस्त्या १३, बसवणं ६.

पाटीचा उपयोग झाला, एकमताबद्दल कोणी विचारलं नाही. ‘अहो’ पाचही वेळा लागला. ‘दोषी नाही’ला हशा नटाच्या बरोबर आला, एकदा सोडून. तिथे ओळ तीन फ्रेम आधी राहिली होती.

पुढच्या आवृत्तीत करायचं: ती ओळ. ज्युरीच्या खोलीत एका ठिकाणी ‘ज्युरीप्रमुख’ ऐवजी ‘प्रमुख’ पडलंय, तिथे चारपाच जणांना कळलं नाही कोण ते. पाटी १२ सेकंदांऐवजी १५, कारण मागच्या रांगेतले चष्मे शोधत होते.